कॅमेरा सुरू होण्याआधी
(जुईनगर येथे स्नेहमेळाव्याच्या तयारीसाठी भरलेल्या बैठकीतील भाषण)



पुढच्या महिन्यात दोन रविवार आपण आपल्या शिक्षकांच्या मुलाखतींचं शूटिंग करणार आहोत. कॅमेरामन व्यावसायिक, दिवे भाड्याने. "मोबाइलवर झालं असतं की," असं ग्रुपवर बऱ्याच जणांनी लिहिलं. मोबाइलचं चित्र आता छान येतं, वाद नाही. पण मागच्या मेळाव्यात चित्रकलेचे सर वीस मिनिटं बोलले, ते सहा जणांच्या मोबाइलमध्ये आहे आणि सहाही ठिकाणी पंख्याची घरघर आणि ताटल्यांचा खणखणाट तेवढा ऐकू येतो. सर आता नाहीत. म्हणून हा खर्च.

ऑफिसच्या प्रशिक्षणाच्या व्हिडिओंसाठी मी कॅमेऱ्यासमोर आणि मागेही बसले आहे, म्हणून तयारीचं बोलायला मला उभं केलंय. सगळ्यात आधी आवाज. चित्र थोडं अंधुक असलं तरी माणूस बघत राहतो. शब्द कळेनासे झाले की बंद करतो. जुईनगर स्टेशनवर हार्बर आणि ट्रान्स-हार्बर दोन्ही मार्गांच्या लोकल येतात, तेव्हा स्टेशनसमोरचा फ्लॅट कितीही प्रशस्त असला तरी नको. आतल्या गल्लीतली खोली हवी. तिथेही पंखा, एसी, फ्रिज, तिन्ही बंद. फ्रिज बंद केलात की गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कुकरच्या वेळा विचारून ठेवा. मोकळ्या भिंतींवर आवाज घुमतो. कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा जागी दोन-तीन गोधड्या टांगायच्या. आणि मुलाखत संपल्यावर अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं. त्या रिकाम्या खोलीचा आवाज संकलन करताना जोड झाकायला लागतो. आपल्या बॅचला हे अर्धं मिनिट सर्वांत जड जाणार आहे.

उजेडाचं म्हणाल तर दादासाहेब फाळक्यांची आठवण होते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा. त्याआधी भांडवल उभं करण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली होती. त्यांचा सगळा भरवसा सूर्यावर. आपल्याकडे दिवे असले तरी खिडकीचा उजेड फुकटचा आणि चेहऱ्याला मऊ. खिडकीकडे पाठ करून कुणाला बसवू नका, चेहरा काळा पडतो. खिडकी थोडी बाजूला घ्यायची आणि ऊन थेट येत असेल तर पांढरी चादर आडवी लावायची. घरातले ट्यूब-बल्ब मात्र कॅमेऱ्यात लुकलुकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ चित्रं आणि शटर एक-पन्नासांश ठेवतात. कॅमेरामनला हे माहीत असेलच, तरी विचारायला लाज कसली?

कपड्यांबद्दल बाईंचे फोन आलेच. बाई, नवी कोरी रेशमी साडी नको, ती माइकजवळ सळसळते. धुवून मऊ झालेली, एकरंगी चालेल. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लागेल, मंगळसूत्र त्यावर आपटणार नाही एवढं बघू. बांगड्या हव्या तेवढ्या घाला, फक्त बोलताना हात मांडीवर. सरांनी बारीक चौकडीचा शर्ट टाळावा, पडद्यावर त्या रेघा वळवळतात. चष्मा काढायची गरज नाही, आम्ही दिवा उंच धरू. चष्म्याशिवायचे सर ओळखणार कोण?

आता सर्वांत अवघड विनंती. सर, बाई, कृपा करून काही पाठ करून येऊ नका! ज्यांनी आम्हाला पावकी-निमकी पाठ करायला लावली त्यांना हे सांगताना माझी जीभ अडखळतेय. पण पाठ केलेला माणूस पुढचं वाक्य शोधत राहतो आणि डोळ्यांत ते दिसतं. प्रश्न आम्ही आठवडाभर आधी देऊ, तेही पाचच. उत्तर देताना प्रश्न त्यात गुंफा. "कोणत्या साली रुजू झालात?" या प्रश्नावर नुसतं साल सांगू नका, "मी शाळेत रुजू झाले ते अमुक साली" असं म्हणा, कारण प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज आम्ही काढून टाकणार. अडखळलात तर थांबा, पाणी प्या, पुन्हा सुरू करा. "आता आवाज राहिला नाही," असं जे सर म्हणाले, त्यांना एवढंच सांगते, आहे तोच हवाय.

शेवटचं माझ्या धंद्यातलं. चांगल्या प्रतीचं चित्रण तासाला साधारण ४५ जीबी जागा खातं. म्हणजे प्रत्येक दिवसाला दोन मोकळी कार्डं तरी लागतील आणि संध्याकाळी जेवायला बसण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती. दोन्ही डिस्क एकाच घरात ठेवायच्या नाहीत. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, कॅमेरामन घाई करत असला तरी.

आणि पंखा बंद असताना दोन शॉटच्या मधे गुरुजनांना वारा घालायला दोघं हवेत. हातपंखे मी आणते, नावं आत्ताच द्या.