विहिरीच्या तळाचा दगड

नवी बोअर मारायची की जुन्या विहिरीचा गाळ काढायचा, हा वाद दर उन्हाळ्यात गटाच्या बैठकीत निघतो. आज आम्ही त्याआधी खालच्या दगडाबद्दल बोलणार आहोत.

पश्चिमेकडच्या बहिणींच्या पायाखाली काळा दगड आहे. तो लाव्हारसाचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आमच्या भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे बऱ्याच भागात पांढरट-गुलाबी, ठिपक्यांचा ग्रॅनाइट लागतो. हा बस्तरच्या जुन्या खडकाचाच पसारा. बस्तरमध्ये ३५० कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट सापडला आहे. एवढं वय कसं कळतं? ग्रॅनाइटमध्ये झिरकॉनचे बारीक कण असतात. तयार होताना ते युरेनियम आत घेतात, शिसं जवळपास घेतच नाहीत. मग युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. किती झालं ते मोजलं की वय निघतं.

पृथ्वी नवी होती तेव्हा वरचं कवच बहुतेक काळ्या, जड दगडाचं होतं. पाणी मुरलेला तो दगड खोल जाऊन तापला आणि थोडासाच वितळला. गोठलेल्या तुपाचा डबा उन्हात ठेवला की काही तूप पातळ होतं, बाकी रवा तसाच राहतो ना, तसं. वितळलेला भाग हलका. तो वर चढला आणि जमिनीखालीच निवत राहिला. सावकाश निवलेलं तूप रवाळ होतं, तसाच हा दगडही रवाळ झाला. हलका म्हणून तो पृथ्वीच्या पोटात परत बुडाला नाही. समुद्रतळाचा काळा दगड मात्र बुडत राहतो. आज त्याचा बहुतेक भाग २० कोटी वर्षांचाही नाही. आपली जमीन टिकली ती या हलक्या दगडामुळे.

आता पाण्याचं. ग्रॅनाइटचे रवे एकमेकांत इतके घट्ट बसलेले असतात की आत पाण्याला जागाच नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि त्याखालच्या भेगांत. खोल जावं तशा भेगा साधारणपणे कमी होतात. म्हणून ‘२०० फुटांना नाही लागलं तर ४०० ला लागेलच’ असं कुणी म्हणालं, तर पैसे गटाचे आहेत हे आठवा. कोहळी समाजाने बांधलेले मामा तलाव पाणी वरच अडवतात. आमच्या मते आधी तलाव आणि विहिरीचा गाळ, मग बोअर.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ग्रॅनाइटमधल्या काही खनिजांत फ्लोराइड असतं. भेगांत फार काळ राहिलेल्या पाण्यात ते उतरतं. रंग, वास, चव काही कळत नाही. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळे डाग पडतात. प्रमाण फार असेल तर पुढे हाडं-सांधे आखडतात. ते डाग घासून जात नाहीत, तेव्हा पोराला दात घासत नाहीस म्हणून रागावू नका. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं तसं उलट वाढतं. बोअरचं पाणी पिण्याआधी तपासून घ्या. नमुना प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत न्या, काचेच्या नको. प्रमाण जास्त निघालं तर ते पाणी भांडी-कपड्यांना ठेवा, आणि प्यायला तपासलेल्या उथळ विहिरीचं भरा.