पाणथळ कोपऱ्यातलं टॅक्सोडियम

लोणावळ्यात बंगल्याच्या आवारातला सखल कोपरा जूनला भरतो आणि तिथं हौसेनं लावलेल्या आंब्याची मुळं कुजतात. अशा जागी टॅक्सोडियम लावून पाहायला हरकत नाही.

हे झाड अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीतलं. सूचिपर्णी असूनही पानगळीचं! थंडीत पानं विटकरी होतात आणि बारीक डहाळ्यांसकट गळतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक नदीकाठच्या एका झाडाचं वय २०१९ मध्ये किमान २,६२४ वर्षं निघालं. म्हणजे आपली कार्ल्याची लेणीसुद्धा त्याच्याहून धाकटी.

मावळातली आम्लधर्मी तांबडी माती त्याला मानवते. चुनखडीच्या जमिनीत मात्र पानं पिवळी पडतात. बी ओल्या मातीत रुजतं, पाण्याखाली नाही. कोवळं रोप शेंड्यासकट बुडलं, तर जगत नाही. म्हणून चांगलं कमरेइतकं वाढलेलं रोप घ्या, पावसाच्या सुरुवातीला थोड्या उंचवट्यावर लावा. खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये. पाऊस चार महिने, कोरड आठ महिने! पहिली तीन-चार वर्षं बुंध्याशी गवताचं आच्छादन आणि भरपूर पाणी हवंच. पाण्याजवळ मुळांतून गुडघ्यांसारखे खुंट वर येतात. फरशी आणि सांडपाण्याच्या टाकीपासून झाड लांबच ठेवा.

इंद्रायणीच्या काठी किंवा ओढ्यात मात्र हा पाहुणा नको. तिथं आपला वाळुंज लावा. ओल्या काठावर त्याची फांदी खोचली, तरी फुटते.