पिल्लाला हात लावावा का?

(हितचिंतकांच्या मेळाव्यातील मनोगत)



आपल्या देणगीतून नवापूर तालुक्यातल्या केंद्रात अंडी उबवायचं छोटं मशीन बसलं. जमाखर्च आपल्या हातातल्या कागदावर आहे, तो मी पुन्हा वाचत नाही. मला एकाच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. तो आमच्यापुढे दर खेपेला येतो आणि बहुधा रात्रीच येतो. अंडं फोडून बाहेर येऊ पाहणारं पिल्लू मध्येच थांबलं, तर त्याला हात लावावा का?

आपण उपदेशांतून याचं उत्तर बऱ्याचदा ऐकलेलं आहे. धडपडू द्या, मदत केली की ते दुबळं निघतं. कधी फुलपाखराचं उदाहरण असतं, कधी पिल्लाचं. हे उत्तर अर्धं खरं आहे, आणि खरं अर्ध आधी सांगते.

कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं. अठराव्या दिवसापर्यंत ते फिरवत राहायचं, मग फिरवणं बंद. शेवटी पिल्लू आधी आतला पापुद्रा भेदून अंड्याच्या रुंद टोकाच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिला श्वास घेतं. तेव्हा कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. मग कवचाला पहिली चीर पडते. त्यानंतर पिल्लू बारा तास, कधी चोवीस तास, जवळजवळ काहीच करत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, दमलं, संपलं. पण आत मोठं काम चाललेलं असतं. पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात परत जातं, उरलेला बलक पोटात ओढला जातो. त्या बलकावरच पिल्लू पुढचे दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय राहू शकतं. या वेळी कुणी दयेपोटी कवच सोललं, तर शीर तुटते आणि पिल्लू रक्त जाऊन मरतं. म्हणून केंद्रात साधा नियम आहे : पहिली चीर दिसली की घड्याळ पाहून वेळ खडूने लिहायची, आणि चोवीस तास हात लावायचा नाही.

आता दुसरं अर्ध. खुडूक कोंबडीखाली अंगाची ऊब असते, दमटपणा असतो, आई पिल्लाशी आतल्या आत बोलत असते. प्रभूने यरुशलेमसाठी हळहळताना पंखांखाली पिल्लं घेणाऱ्या कोंबडीचीच उपमा दिली, ती उगाच नाही. मशीनमध्ये यातली आई नसते. ३७.५ अंशांचं तापमान आम्ही राखतो, पाण्याचं भांडं आम्ही ठेवतो, वीज गेली की गोधडी आम्ही गुंडाळतो. शेवटच्या तीन दिवसांत दमटपणा जास्त लागतो, आणि मे महिन्यातली आमच्याकडची हवा म्हणजे भट्टी. हवा कोरडी पडली की पापुद्रा पिल्लाच्या अंगाला कागदासारखा चिकटतो. मग त्याने कितीही जोर लावला तरी मान फिरत नाही. अशा पिल्लाला ‘देवाची इच्छा’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्याची आई आपण बाजूला केलेली असते.

गेल्या उन्हाळ्यात एका मावची मावशींनी चौदा अंडी आणली. गावात मानमोडी येऊन गेली होती. त्यांच्या दारातला सगळा कळप गेला, दोन कोंबड्या आणि एक कोंबडा उरला. त्यांच्याकडे कोंबडी म्हणजे मीठमिरचीचा, वहीपेनाचा, दवाखान्याच्या भाड्याचा पैसा. सातव्या दिवशी उजेडावर धरून पाहिलं, तीन अंडी रिकामी. एकविसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊ पिल्लं बाहेर आली, दोन अंडी चीर पडून अडकली. चोवीस तास उलटून गेले होते. एकाचा पापुद्रा पिवळट-तपकिरी, सुकलेला, आतला आवाज बारीक होत चाललेला. दुसऱ्याला चीर निमुळत्या टोकाला, म्हणजे पिल्लू आत उलटं बसलेलं.

मी मावशींना दोन्ही दाखवली आणि काय होऊ शकतं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “बाई, अंडी माझी आहेत. लावा हात. मेलं तर तुम्हाला बोल लावणार नाही.”

कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पहिल्याचा पापुद्रा ओला केला. नखाएवढे तुकडे काढत गेलो, प्रत्येक तुकड्यानंतर थांबून लाल दिसतं का ते पाहत. दिसलं नाही. चोच मोकळी केली, रुंद टोकाचं कवच गोल काढलं आणि खालचा अर्धा भाग तसाच ठेवून अंडं परत आत ठेवलं. तिथून पुढचं काम त्याचं. दोन तासांनी ते पाय झाडून बाहेर आलं. पाय फाकत होते, कापडाच्या पट्टीने दोन दिवस बांधून ठेवले, मग सरळ चालायला लागलं.

दुसऱ्याचा पहिलाच तुकडा काढला आणि लाल धागे दिसले. तिथेच थांबलो, ओलं कापड लावून आत ठेवलं. पहाटे ते मेलेलं होतं. मावशींनी ते स्वतः आंब्याखाली पुरलं आणि दहा पिल्लं टोपलीत घालून घरी नेली. आठवड्याच्या आत लासोटाचे थेंब द्यायला मी त्यांच्या दारी गेले, तेव्हा दहाही होती.

तुमच्यापैकी काही जण विचारतात, अजून एक मशीन देऊ का? माझं उत्तर, सध्या नको. आहे त्या मशीनला चांगली बॅटरी द्या. रात्री चार तास वीज गेली की अंडी थंड पडतात, पिल्लं उशिरा आणि अशक्त निघतात, आणि मग अडकलेली अंडी वाढतात. हात लावायची वेळच कमी यावी यासाठी बॅटरी हवी. लस ठेवायला बर्फाचा डबाही हवा. फोटोत यातलं काही छान दिसणार नाही, हे मला कळतं.

सध्या मशीनमध्ये पाच घरांची अंडी आहेत. येत्या बुधवारी अठरावा दिवस. त्यानंतर झाकण उघडलं की आतला दमटपणा जातो, म्हणून भेटीला येणाऱ्यांनी जरूर यावं, पण काचेतूनच पाहावं.