व्यापाराचा लाभ आणि कामगाराचा भार
(इंदूर येथील कामगार मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो दिसावयास दूरदेशीचा आहे. परदेशी मालाच्या स्पर्धेने कारखाना बंद पडला, तर रोजगार गमावलेल्या कामगाराचे काय करावयाचे? अमेरिकेने या प्रश्नासाठी स्वतंत्र कायदा केला आणि साठ वर्षे तो राबविला. त्या अनुभवाचा आपल्याशीही संबंध आहे.

१९६२ साली, अध्यक्ष केनेडी यांच्या कारकिर्दीत, अमेरिकेने आयातीवरील जकात कमी करण्याचा मार्ग पत्करला. स्वस्त मालाचा लाभ सर्व देशाला होणार होता. परंतु त्याची किंमत काही थोड्या गावांतील कापड, पादत्राणे, पोलाद अशा धंद्यांतील कामगारांना मोजावी लागणार होती. सर्वांच्या लाभासाठी थोड्यांनी भार सोसावयाचा, तर त्यांना हात देणे हे सरकारचे कर्तव्य होय, या न्यायाने त्याच कायद्यात कामगार साहाय्याची तरतूद करण्यात आली.

तरतूद उदार होती. परंतु पुरावा मात्र कठीण मागितला होता. जकातीतील सवलतीमुळेच मुख्यतः आयात वाढली आणि त्या आयातीमुळेच मुख्यतः नोकरी गेली, अशा दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागत. मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाने हे कसे सिद्ध करावे? परिणामी पहिली सात वर्षे कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. कायदा पुस्तकात होता, निधीची सोय होती. मदत मात्र कोणाच्याच घरी पोहोचली नाही.

१९७४ च्या कायद्याने ही चूक सुधारली. नोकरी जाण्यास आयात हे एक महत्त्वाचे कारण असले की पुरे, असे ठरले. तीन कामगारांनी मिळून किंवा त्यांच्या संघटनेने अर्ज करावा आणि चौकशी श्रम खात्याने करावी, अशी रीत पडली. अर्ज मंजूर झालेल्या कामगारांना काही काळ भत्ता, नव्या धंद्याचे शिक्षण आणि काम शोधण्यासाठी अथवा दुसऱ्या गावी जाण्यासाठी खर्च मिळू लागला. १९८१ मध्ये या मदतीला कात्री लागली. २००२ मध्ये ती पुन्हा वाढविण्यात आली. पन्नाशी उलटलेल्या कामगाराने कमी पगाराची नोकरी पत्करल्यास जुन्या व नव्या पगारातील निम्मा फरक, दोन वर्षांत १०,००० डॉलरच्या मर्यादेत, देण्याची सोय तेव्हाच झाली. उतारवयात शाळेच्या बाकावर बसण्यापेक्षा अनेकांना हीच मदत अधिक उपयोगी होती.

तथापि मुदत वाढविली न गेल्याने १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर होणे थांबले. परदेशी माल येतच राहिला. साहाय्याचे दार मात्र नव्या कामगारांना बंद झाले.

आता आपल्याकडे पाहू. बंद पडलेल्या खाजगी कापडगिरण्यांच्या कामगारांसाठी भारत सरकारने १९८६ साली पुनर्वसन निधी योजना सुरू केली. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के व तिसऱ्या वर्षी २५ टक्के, असे त्यात साहाय्य होते. २०१७ साली ती राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली.

आणि आपल्या इंदुरातील हुकुमचंद मिल आपण कोणीच विसरलेलो नाही. ती डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. त्याची कारणे निराळी होती. परदेशी मालाची ती कथा नव्हे. परंतु गृहनिर्माण मंडळ व महापालिका यांच्या सहभागाने तडजोड होऊन सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला, तो डिसेंबर २०२३ मध्ये. मध्ये बत्तीस वर्षे गेली. कित्येक कामगार तो दिवस पाहण्यास हयात नव्हते; त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी कागद पुढे केले.

या दोन्ही कथांचे तात्पर्य एकच आहे. मदत किती आहे, याइतकेच ती केव्हा पोहोचते आणि तिच्यासाठी कामगाराला काय सिद्ध करावे लागते, यालाही महत्त्व आहे. पुरावा शोधण्याचे काम सरकारी यंत्रणेने आपल्याकडे घ्यावे. योजनेची माहिती गिरणीच्या फाटकाला कुलूप पडण्यापूर्वी द्यावी. आम्हा प्रसिद्धी खात्यातील मंडळींचे हेच काम आहे, आणि त्यात आम्ही कमी पडलो तर तो दोष आमचा.

आपणाकडूनही एक अपेक्षा आहे. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि विम्याचे कार्ड घरात एका ठिकाणी जपून ठेवा, आणि ती जागा घरच्या माणसांना दाखवून ठेवा. बत्तीस वर्षांनी हक्क सांगावा लागला, तर तोच कागद तुमच्या वतीने बोलतो.