शेवटच्या दोन लाखांतला खेळाडू



पाटनहून बोलतोय. जबलपूर जिल्ह्यातलं हे तहसिलीचं गाव. फौजेतून निवृत्त झाल्यावर माणसाकडे वेळ असतो आणि मतंही असतात. आज दोन्ही हॉकीवर खर्च करणार आहे. प्रश्न असा : निवडीत आपल्या संघाचा नंबर शेवटी येतो, चांगली नावं आधीच गेलेली असतात, तेव्हा कोणाला घ्यायचं?

अमेरिका आणि कॅनडात आइस हॉकीची एनएचएल ही लीग आहे. तिच्यात ३२ संघ. दरवर्षी अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. गेल्या हंगामात तळाला राहिलेले संघ आधी निवडतात, वरचे मागाहून. म्हणजे उत्तम संघाच्या वाट्याला पहिल्या फेरीतला पंचविसावा, तिसावा मुलगा येतो. २०१४ साली बोस्टनने डेव्हिड पास्टरनाक याला पंचविसाव्या क्रमांकावर घेतलं. २०२२-२३ च्या हंगामात त्याने ६१ गोल केले. २००३ साली कोरी पेरी अठ्ठाविसावा गेला आणि २०११ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशी नावं सांगितली की काम सोपं वाटतं. पण त्याच क्रमांकांवर घेतलेली कितीतरी मुलं आज कुणाला आठवतही नाहीत.

आपल्याकडे ड्राफ्ट नाही, लिलाव आहे. हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद पडली होती, ती पुन्हा सुरू करताना ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत लिलाव झाला. पुरुषांचे आठ संघ, प्रत्येकाकडे चार कोटी रुपये, प्रत्येक संघात २४ खेळाडू. त्यांत किमान १६ भारतीय, आणि त्या भारतीयांत चार कनिष्ठ गटातले असलेच पाहिजेत, असा तेव्हाचा नियम होता. मूळ किंमत दोन, पाच किंवा दहा लाख.

आता हिशेब करा. चार कोटी भागिले २४, म्हणजे सरासरी साडेसोळा लाखांच्या थोडं वर. सूरमा संघाने कर्णधार हरमनप्रीत सिंगसाठी ७८ लाख मोजले. उरलेल्या तेवीस जणांसाठी राहिले तीन कोटी बावीस लाख, म्हणजे माणशी चौदा. त्यात आणखी दोन-तीन मोठी नावं घेतली की शेवटच्या मुलांच्या वाट्याला दोन-दोन लाखच उरतात. आपल्याकडचा शेवटचा नंबर तो हाच. चार गुणिले आठ, म्हणजे कनिष्ठांच्या किमान ३२ जागा. एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरासाठी त्यातली एक जागा म्हणजे परदेशी खेळाडूंबरोबर राहण्याची, सराव करण्याची संधी. ती नियम भागवण्यापुरती भरली, तर संघाचे दोन लाख जातात आणि दुसऱ्या कुणाचं तरी वर्ष जातं.

मग बघायचं काय?

पहिलं, वय महिन्यांत मोजा. मुलांच्या ज्युनियर विश्वचषकासाठी २०२५ साली १ जानेवारी २००४ किंवा त्यानंतरचा जन्म लागत होता. लहान वयोगटांतही अशीच एक तारीख धरली, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात. चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे खांदे, उंची, धाव, सगळंच. कॅनडात १९८५ साली बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वरच्या पातळीवरच्या आइस हॉकीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी असते. लवकर वाढलेला मुलगा पुढे दिसतो, त्याला जास्त सामने मिळतात, म्हणून तो आणखी पुढे जातो. शेवटी निवडणाऱ्याने नोव्हेंबर-डिसेंबरातली, अजून अंग न भरलेली मुलं वेगळी काढून पाहावीत.

दुसरं, त्याला आजवर काय मिळालं ते विचारा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर आहे. तालुक्यातला मुलगा मातीवर खेळतो. तिथे चेंडू उसळतो, म्हणून तो अडवताना काठी सैल धरतो, नजर शेवटच्या क्षणापर्यंत चेंडूवर ठेवतो. टर्फवर पहिल्या दिवशी तो चुकणारच. त्याला तीन दिवस खेळू द्या आणि पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी किती सुधारला ते लिहून ठेवा. खडकीच्या धनराज पिल्लेने दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतल्या धुळीच्या मैदानावर, मोडक्या काठ्या बांधून हॉकी शिकली. पुढे तो चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. पहिल्याच दिवशी टर्फवरच्या चुका मोजल्या असत्या, तर असा मुलगा कोणत्या यादीत आला असता?

तिसरं, बाजार ज्याला भाव देतो त्याच्या मागे लागू नका. त्या लिलावात हरमनप्रीतला ७८ लाख, अर्जेंटिनाकडून आणि मग जर्मनीकडून खेळलेल्या गोन्झालो पेयाला ६८ लाख. दोघेही पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग-फ्लिक मारणारे. तयार ड्रॅग-फ्लिकर दोन लाखांत मिळत नसतो. पण तोच पेनल्टी कॉर्नर अडवायला गोलरेषेवरून सर्वांत आधी धावत सुटणारा मुलगा असतो. चेंडू अंगावर येतो हे माहीत असूनही त्याची धाव तिरकी होत नाही. कॉर्नर ढकलून देणारा असतो, दहापैकी दहा वेळा तोच वेग, तीच जागा. असं एखादं काम अस्सल येतं का ते पाहा. बाकी सगळं बेताचं असलं तरी चालेल, शिकवता येतं. सगळ्यांत थोडं थोडं बरं असलेला मुलगा मात्र शेवटच्या जागेवर घेऊ नये. तसे संघात आधीच असतात.

चौथं, चेंडू गेल्यावर काय करतो ते पाहा. चेंडू पायाशी असताना सगळेच राजे. तो हिसकावला गेल्यावर पुढच्या पाच पावलांत मुलगा कळतो. मागे धावतो, पंचाकडे हात करतो, की सोबत्यावर ओरडतो?

हे सगळं एका माणसाने पाहू नये. फौजेत अधिकारी निवडताना एसएसबी पाच दिवसांची असते. मानसशास्त्रज्ञ, मैदानी कसोट्या घेणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा, तिघे तीन वेगळ्या रीतींनी उमेदवाराला जोखतात, आपापलं मत वेगळं नोंदवतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. आधी चर्चा झाली, तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत तिघांचं होतं. हॉकीतही तीन माणसं पाठवा, शक्यतो वेगवेगळ्या सामन्यांना. तिघांच्याही कागदावर पहिल्या पाचात असलेला मुलगा ठीक. पण एकाने पहिला आणि दुसऱ्याने विसावा लिहिलेला मुलगा पुन्हा जाऊन पाहा. शेवटच्या नंबरचा खजिना बहुधा अशा मतभेदात असतो.

आणि मुळात तिथे जा. इटारसीजवळचा विवेक सागर प्रसाद लहानपणी अकोल्याच्या एका स्पर्धेत खेळत होता. तिथे त्याला अशोक कुमार यांनी पाहिलं. हे ध्यानचंद यांचे चिरंजीव, १९७५ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल करणारे. त्यांनी त्याला भोपाळच्या अकादमीत आणलं. २०१८ च्या जानेवारीत, अठरा पूर्ण होण्याआधी, तो भारताकडून खेळला; टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकची कांस्यपदकं त्याच्याकडे आहेत. मध्य प्रदेशचा मुलगा विदर्भात सापडला, कारण पाहणारा माणूस अकोल्यात हजर होता.

महिलांची लीग २०२५ मध्ये पहिल्यांदा झाली. २६ जानेवारीला रांचीत अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सने सूरमाला २-१ असं हरवलं, आणि विजयी संघाचे दोन्ही गोल महाराष्ट्राच्या ऋतुजा पिसाळचे. ज्या वयात मुली अजून घडत असतात त्या वयात, त्या दिवशी तिने ते केलं.

आमच्या पाटनकडे मटार मोठा. बाजारात न्यायच्या शेंगा हिरव्या तोडतात; बियाण्याच्या शेंगा वेलावर वाळू देतात. दोन्ही कामांना एकच नजर लावली तर पुढचं पीक बुडतं. पहिल्या बोलीचा खेळाडू याच हंगामासाठी असतो. शेवटच्या दोन लाखांतला मुलगा दोन-तीन वर्षांनी फळ देईल. म्हणून संघमालकांनो, त्याला घेताना पुढच्या वर्षीही ठेवण्याची तयारी ठेवा, त्याच्यासाठी एक माणूस नेमून द्या, आणि दर आठवड्याला काही मिनिटं तरी मैदानावर उतरवा. नुसता बाकावर बसवलात, तर तुमची निवड बरोबर होती की चूक हे तुम्हालाही कधी कळणार नाही.

शाळेतल्या पीटी मास्तरांना एक विनंती. मुलाची जन्मतारीख खरी लिहा. दोन वर्षं कमी लावून त्याला आज चषक मिळेल, पण ज्याची जागा गेली तो डिसेंबरातला बारका पोरगा तुमच्याच वर्गात असतो.

जय हिंद.