आयाका ताकाहाशी : दुहेरीच्या खेळातील तेरा वर्षे



कामगार चळवळीतल्या माणसाने बॅडमिंटनवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु जपानातले नामवंत खेळाडू बहुधा एखाद्या कंपनीच्या संघात असतात. पगार कंपनीचा, सरावाची जागा कंपनीची, प्रशिक्षकही कंपनीचाच. तेव्हा विषय माझ्या वाटेवरचाच आहे. इंग्रजी अमदानीत या खेळाला ‘पूना’ असेही म्हणत, एवढे जाता जाता सांगतो आणि जपानकडे वळतो.

आयाका ताकाहाशी यांचा जन्म १९९० सालचा, नारा प्रांतातला. सेन्दाईच्या शाळेत असता २००७ साली त्यांची जोडी जमली ती एक इयत्ता मागे असलेल्या मिसाकी मात्सुतोमो यांच्याशी. २००९ साली ताकाहाशीबाई निहोन युनिसिस या संगणक कंपनीच्या संघात गेल्या. पुढल्या वर्षी मात्सुतोमोबाईही तेथेच आल्या.

दुहेरीत कामाची वाटणी असते. ताकाहाशीबाई मागून जोराचा स्मॅश हाणीत. मात्सुतोमोबाई जाळीपाशी राहून प्रतिपक्षाला फूल वर उचलायला लावीत. टाळ्या पडतात त्या स्मॅशला. गिरणीतही साचेखात्यातले कापड सर्वांना दिसते, त्रासनखात्यातले सूत पाहायला कोणी जात नाही! ऑक्टोबर २०१४ मध्ये ही जोडी जगात पहिल्या क्रमांकावर गेली, ती दोघींच्या कामाने.

१८ ऑगस्ट २०१६. रिओच्या ऑलिंपिकचा अंतिम सामना. समोर डेन्मार्कच्या क्रिस्टिना पेडरसन आणि कामिला रुटर यूल. पहिला डाव १८-२१ असा गेला, दुसरा २१-९ असा परत मिळवला. तिसऱ्यात डेन्मार्कचे १९ आणि जपानचे १६. आणखी दोन गुण गेले असते की सारे संपले होते. अशा वेळी जोडीदाराकडे रागाने पाहणे फार सोपे असते. या दोघींनी तेथून ओळीने पाच गुण घेतले. २१-१९! बॅडमिंटनमधले जपानचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक.

आता दुसरी बाजू. लंडनला २०१२ साली रौप्यपदक मिळवणाऱ्या फुजी आणि काकीइवा या रेनेसास कंपनीच्या संघातल्या. त्याच वर्षी त्या कंपनीने तोट्यापायी हजारो नोकरदारांना मुदतीआधी निवृत्त केले. पुढे २०१५ साली तिचा बॅडमिंटन संघही साइशुन्कान या कंपनीकडे गेला. पदकाने संघ वाचतो असे नाही. त्याच संघात वाढलेल्या फुकुशिमा आणि हिरोता पुढे ताकाहाशीबाईंच्या वरचढ ठरल्या. नागाहारा आणि मात्सुमोतो यांनी तर २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक अजिंक्यपद घेतले. ऑलिंपिकला एका देशाच्या फार तर दोन जोड्या जाऊ शकतात. रिओच्या विजेत्या आता आपल्याच देशात तिसऱ्या होत्या.

तशात टोकियोचे ऑलिंपिक २०२० वरून एक वर्ष पुढे गेले. आणखी वर्षभर शरीर आणि मन साथ देईल असा भरवसा ताकाहाशीबाईंना वाटला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये, तिसाव्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. विजेत्याने अखेरपर्यंत झुंजावे, असे बाकावर बसून म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. दुसऱ्याने कमी करण्याआधी आपण होऊन काम खाली ठेवणे हा कष्टकऱ्याचा मान आहे, आणि तो फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

मात्र दुहेरीत एक अडचण आहे. एक थांबली की दुसरीची जोडी मोडते. मात्सुतोमोबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना खेळायचे होते. त्या मिश्र दुहेरीकडे वळल्या, आपल्याच कंपनीच्या युकी कानेको यांच्या जोडीला. मिश्र दुहेरीत जाळीजवळची जागा बहुधा बाईची असते. ती त्यांच्या ओळखीची होती.