रोगाच्या मागे ‘का’ लावा

मंडळी, आज आम्ही औषधाची बाटली आणलेली नाही. आज एक खेळ खेळायचा आहे. पोर कसे आईच्या मागे “का? का?” करीत फिरते, तसे आपण रोगाच्या मागे फिरायचे.

एका गावी आम्ही असेच चावडीपुढे बसलो होतो. वस्तीवरच्या एका पोराला हगवण लागली होती. आम्ही विचारले, “का लागली?”

“पाणी घाण, म्हणून.”

“घाण पाणी का प्यायले?”

“ओढ्याचं होतं.”

“ओढ्याचे का? गावात हापसा आहे की!”

पोराची आई म्हणाली, “हापसा वरच्या आळीत. आमची पाळी शेवटी. तोवर मजुरीला जायची वेळ होते. रोज बुडाला तर चूल कशी पेटावी?”

“पाळी शेवटी का?”

कोणी बोलेना. एक म्हातारा तंबाखू मळीत राहिला. खरे सांगायचे तर विचारताना आमचाही घसा कोरडा पडला होता. उत्तर सर्वांना ठाऊक होते. जात!

पोराला साखरमिठाचे पाणी दिले. ते तुम्हीही शिकून ठेवा. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, शीग लावायची नाही. थोडे थोडे पाजत राहावे. आईचे दूध तोडू नये. पोर सुस्त पडले, डोळे खोल गेले, तर तडक दवाखाना गाठावा.

पोर बरे झाले. पण ओढा तिथेच, अन् हापसाही तिथेच!

मग आम्ही त्यांना जामखेडची हकिकत सांगितली. जामखेड अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे नवराबायको तेथे आले. नुसत्या सुईने भागत नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी खेड्यांतल्या बायांनाच आरोग्याचे काम शिकविले. पुष्कळ जणींना अक्षर येत नव्हते. कित्येक जणी दलित वस्तीतल्या. त्याच घरोघर जाऊन गरोदर बाया, तान्ही मुले पाहू लागल्या. हापसे बसविताना आरोळ्यांनी दलित वस्तीतली जागा धरली. मग पाण्यासाठी वरच्या आळीच्या घागरीही तेथे येऊ लागल्या.

ऐकून ती आई म्हणाली, “आमच्या गावाला दुसरा हापसा यायचाय. जागा कोण ठरवतं?”

“ग्रामसभा.”

“मग तिथं आम्ही बाया का नसतो?”

म्हाताऱ्याने तंबाखू झटकली व वर पाहिले.

आता तुमच्या गावातला एक आजार घ्या. बोला, कोण सांगते?